पहिला वेढा

उदगीरच्या मोंढ्यामागच्या गल्लीत 'वीरण्णा वाइंडिंग वर्क्स' अशी एक निळी पाटी आहे. वीरण्णांना जाऊन चौदा वर्षं झाली. पाटी त्यांच्याच नावाची राहिली आणि तिच्याखाली, सतरंजीच्या घडीवर बसून मोटारींची वेटोळी गुंडाळणाऱ्या त्यांच्या पत्नी पार्वतम्माही तिथंच राहिल्या. जळालेली मोटार उघडायची, काळी तार तोडून काढायची, नवी तार हँडलवर मोजून गुंडाळायची, खाचांत बसवायची आणि वार्निश पाजून वाळवायची, हे काम त्या लग्नानंतरच्या अठ्ठेचाळीस वर्षांपैकी बेचाळीस वर्षं करत होत्या. पहिली सहा वर्षं त्यांनी नुसतं पाहिलं होतं.

दुकान नऊ बाय चौदाचं. नवखा माणूस आत आला की त्याची नजर आधी डावीकडच्या भिंतीवर जायची. तिथं छतापर्यंत खिळे ठोकलेले होते, आणि प्रत्येक खिळ्याला जळक्या वेटोळ्याचा एकेक तुकडा टांगलेला. तुकड्याला पांढऱ्या चिंधीची पट्टी बांधलेली, पट्टीवर न पुसणाऱ्या शाईनं लिहिलेलं: मोटार कुणाची, किती हॉर्सपॉवरची, कधी गुंडाळली, कधी जळली आणि नेमकी कुठं जळली.

"अक्का, हे जळकं गबाळ कशाला जमवून ठेवलंय?" असं दर महिन्याला कुणीतरी विचारायचंच.

"मोटार कशानं मेली ते तिलाच विचारावं लागतं," पार्वतम्मा सांगायच्या. "आणि तिनं सांगितलेलं लिहून ठेवावं लागतं. माणूस इसरतंय, तांबं इसरत न्हाई."

त्यांचं माहेर देगलूरच्या पलीकडचं, घरातली भाषा कानडी. सोळाव्या वर्षी लग्न होऊन उदगिरात आल्या तेव्हा मराठी मोडकीतोडकीच येत होती. पुढं बिलं मराठीत लिहू लागल्या, गिऱ्हाइकांशी मराठीत भांडू लागल्या. तारेचे वेढे मात्र आजही कानडीतच मोजायच्या. ओंदु, एरडु, मूरु; एक, दोन, तीन. आईच्या भाषेतला आकडा मध्येच कुणी हाक मारली तरी सांडत नाही, असा त्यांचा अनुभव होता.

चोवीस जानेवारीला, शुक्रवारी सकाळी अकरा वाजता, दुकानासमोर टेम्पो थांबला. मागं पंधरा हॉर्सपॉवरची मोटार होती. पुढं ड्रायव्हरशेजारून राजशेखर उतरला. उदगीर-जळकोट रस्त्यावरच्या डाळ मिलचा तो मालक. एरवी मोटार घेऊन मिलचा मुकादम शेषेराव यायचा. मालक स्वतः आला म्हणजे काय, ते पार्वतम्मांना त्याच्या चपलांच्या आवाजावरूनच कळलं.

"शरणार्थ, अक्का."

"शरणार्थ. बस. तीच का?"

"तीच. रोल नंबर दोनची." रोल म्हणजे तुरीची साल काढणारं फिरतं यंत्र. राजशेखर बसला नाही. "डिसेंबरात जळली, तुमी भरून दिली. पाच जानेवारीला जळली, परत भरून दिली. आज तिसऱ्यांदा. सोळा दिवस चालली, अक्का. सोळा! तुरीचा सीझन हाय, पोत्यावर पोती लागलेत अंगणात, अन् माझा रोल उभा हाय."

"डब्बा काय दाखवतोय?"

डब्बा म्हणजे ड्राइव्ह. मोटारीचा वेग कमीजास्त करणारं यंत्र. दिवाळीच्या पाडव्याला राजशेखरनं ते बसवलं होतं. त्याआधी ही मोटार साध्या स्टार्टरवर चालायची.

"ग्राउंड फॉल्ट. नांदेडच्या ड्राइव्हवाल्या बाईंना फोन केला. त्या म्हनल्या, ग्राउंड फॉल्ट म्हणजे मोटारीचं वाइंडिंग बॉडीला लागलं. मोटारच खराब." टेम्पोकडं बघत तो पुढं बोलला, "अक्का, वाईट वाटून घेऊ नका. गेल्या साली तुमचं डोळ्याचं ऑपरेशन झालं. अंगठाबी आखडून राहिलाय तुमचा. लोकं म्हनून राहिलेत की आता हात पहिल्यासारखा न्हाई."

"लोकं म्हनून राहिलेत, का तू?"



"ही मोटार मी सोलापूरला पाठवतो," राजशेखर म्हणाला. "मिलच्या बाकीच्याबी तिकडंच."

पार्वतम्मांनी हातातला पाना खाली ठेवला. उजव्या हाताचा अंगठा खरंच आखडला होता, थंडीत सकाळी तो सरळ व्हायला वेळ लागायचा. हे त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं, तरी गावाला माहीत होतं.

"मला सोमवारपर्यंत दे," त्या म्हणाल्या. "सोमवारी तुझी नांदेडची बाई बोलव. मी मोटार घेऊन मिलवर येते. तिच्यासमोर जोडू. माझ्या वाइंडिंगचा दोष निघाला तर त्याच दिवशी हँडल खाली ठेवते अन् पाटी उतरवते. सोलापूरला मोटार पाठवायचं भाडंबी मीच देते."

"अक्का, पाटीचं कुठं काढलाव..."

"तूच काढलंस. जा आता, ऊन आडवू नको."

तो गेल्यावर त्यांनी मोटार उघडली. हातात बॅटरी, डोळ्याला भिंग. आधी मन घट्ट करून घेतलं, कारण आत आपलीच चूक दिसली तर ती चिंधीवर लिहायची, हा नियम त्यांनी स्वतःसाठीच केलेला होता.

मोटारीवर जास्त लोड आला की सगळं वाइंडिंग तव्यासारखं काळं होतं. एक फेज गेली की काही वेटोळी काळी आणि उरलेली कोरी राहतात, लांबूनही कळतं. बेअरिंग बसलं तर आतल्या लोखंडावर घासल्याच्या रेघा उठतात. इथं यातलं काहीच नव्हतं. वार्निश मधासारखं चकाकत होतं. सगळी वेटोळी धडधाकट, फक्त एका ठिकाणी, जिथं बाहेरची तार वाइंडिंगला येऊन मिळते तिथल्या पहिल्याच वेटोळ्याच्या पहिल्या वेढ्यांवर, मोहरीएवढा काळा खड्डा. आजूबाजूला धूरसुद्धा नाही.

पार्वतम्मा उठल्या. भिंतीवरून डिसेंबरचा तुकडा काढला, जानेवारीचा काढला, आजचा मोटारीतून तोडला, आणि तिन्ही सतरंजीवर ओळीनं मांडले. चिंध्या वाचल्या.

डिसेंबर: लाल फेज, पहिलं वेटोळं, पहिले वेढे. पाच जानेवारी: निळी फेज, पहिलं वेटोळं, पहिले वेढे. आणि आज पिवळी, तिथंच.

हात ढिला पडला असता तर दोष कुठंही निघाला असता. खाचेत, कोपऱ्यात, मधल्या वेटोळ्यात. तीन वेगवेगळ्या फेजमध्ये, तिन्ही वेळा दाराशीच कसा? बाहेरून कुणी येऊन दारावरच काठी मारावी, आत पाऊल टाकू नये, असं काहीसं ते दिसत होतं.

मग त्यांनी भिंतीवर दुसरं काही शोधलं. गेल्या चार वर्षांत ज्या मोटारी ड्राइव्हवर चालतात असं गिऱ्हाइकानं सांगितलं, त्यांच्या चिंधीवर त्या 'डब्बा' असं लिहीत होत्या. तसे चार तुकडे निघाले. त्यांनी चौघांनाही फोन केला. चारही मोटारी त्यांनीच भरलेल्या आणि चारही चालू होत्या. जळकोटच्या तेलघाण्यावरची तर दोन वर्षं बंदच पडली नव्हती.

"तुमचा डब्बा कुठं लावलाय?" त्यांनी प्रत्येकाला विचारलं.

चौघांचं उत्तर एकच होतं: मोटारीच्या बाजूलाच, भिंतीवर.

शनिवार-रविवार त्यांनी मोटार भरली. अंगठ्याला कोमट तेल लावून, दर वेढा दाबून बसवून. बोटांना तारेचा ताण पूर्वीसारखाच कळत होता. ते कळलं तेव्हा त्यांना बरं वाटलं आणि त्यांनी भूक लागल्यासारखी दीड भाकरी खाल्ली.

सोमवारी टेम्पोत मोटारीशेजारी बसून त्या मिलवर पोचल्या. बेचाळीस वर्षांत या मिलच्या कितीतरी मोटारी त्यांच्या हाताखालून गेल्या होत्या, पण मिलमध्ये त्या क्वचितच आल्या होत्या. मोटारी त्यांच्याकडं येत, त्या मोटारींकडं जात नसत.

फाटकातून आत शिरलं की शहाबादी फरशीचं मोठं अंगण होतं. पलीकडच्या टोकाला रोलची शेड, तुरीच्या सालाची पिवळी धूळ उडवत असलेली. अलीकडच्या टोकाला गादी, म्हणजे मालकाची बैठक. पांढरी खोळ घातलेली गादी, लोड, समोर काटा, बाजूला फोन, मागं राजशेखरच्या वडिलांचा, वीरभद्रप्पांचा हार घातलेला फोटो. आणि फोटोच्या बरोबर खाली, कुंकू लावलेला, काचेच्या कपाटात बसवलेला ड्राइव्ह.

पार्वतम्मा उंबऱ्यातच थांबल्या.

"राजशेखर, डब्बा हितं?"

"मग कुठं? तिकडं धूळ हाय. हितं एसी हाय. अन् गादीवर बसल्या बसल्या मला दिसतंय, रोल किती फिरून राहिलाय ते."

ड्राइव्हसमोर स्टुलावर एक तरुणी बसली होती. निळा सदरा, केस घट्ट बांधलेले, मांडीवर लॅपटॉप. नांदेडच्या ड्राइव्ह दुरुस्तीच्या एका केंद्रातली इंजिनिअर शिवानी. तिनं उठून नमस्कार केला.

"मावशी, मी आधीच सांगते, राग मानू नका. मी ड्राइव्हच्या आतली सगळी नोंद वाचली. फॉल्ट मोटारीकडूनच येतोय."

"राग कशाचा, पोरी? मोटार मेली हे मलाबी दिसतंय. कुणी मारली ते बघायला आलेय मी."

शेषेराव दारात उभा होता. तो फिसकन हसला, आणि राजशेखरनं बघितल्यावर खोकल्यासारखं केलं.

शिवानी पुढं जे जे करत गेली ते पार्वतम्मांनी बारकाईनं पाहिलं, आणि त्यांना ती पोरगी आवडली, कारण ती एका वेळी एकच गोष्ट तपासत होती. आधी तिनं ड्राइव्ह बंद करून दहा मिनिटं घड्याळ लावून वाट पाहिली.

"बंद केला तरी आत वीज साठलेली असते," ती म्हणाली. "घाई केली तर तो आपल्याला झटकतो."

मग मोटारीची केबल ड्राइव्हपासून सोडवली आणि ड्राइव्ह एकटाच चालवला, शून्यापासून पूर्ण वेगापर्यंत. कुठलाही फॉल्ट नाही.

"ड्राइव्ह निर्दोष," ती म्हणाली.

तेवढ्यात शेषेरावनं उत्साहानं मेगर उचलला. तारेचं इन्सुलेशन धड आहे का ते जास्त दाबाची वीज सोडून बघणारं ते यंत्र. केबल ड्राइव्हला परत जोडून तो तपासायला निघाला.

"थांबा, थांबा!" शिवानी ओरडली. "ड्राइव्ह जोडलेला असताना मेगर लावायचा नाही! त्याची पाचशे व्होल्टची वीज ड्राइव्हच्या पोटात गेली तर आत्ता निर्दोष सुटलाय तो जागेवर जाईल. दोन्ही टोकं मोकळी करा, मग लावा."

केबलची दोन्ही टोकं मोकळी करून मेगर लावला. केबल चांगली. मग पार्वतम्मांनी भरून आणलेल्या मोटारीवर लावला. काटा इतका वर गेला की शिवानीनं यंत्र हलवून पुन्हा पाहिलं.

"नव्या मोटारीलाही एवढं येत नाही," ती हळूच म्हणाली.

"म्हणजे ड्राइव्ह चांगला, केबल चांगली, मोटार चांगली," राजशेखर म्हणाला. "मग मोटार जाळतंय कोण?"

"तीन सज्जन माणसं एका घरात, मालक," शेषेराव म्हणाला, "अन् भांडण रोज."

पार्वतम्मांनी पिशवीतून ते तीन तुकडे काढले आणि गादीसमोर, काट्याच्या ताटलीत ठेवले. शिवानीनं एकेक उचलून उजेडात धरला. चिंध्या वाचल्या. दुसऱ्यांदा वाचल्या.

"मावशी, तिन्ही पहिलेच वेढे?"

"तिन्ही. लाल, निळी, पिवळी, फेज येगळी. जागा तीच. अन् बाकीच्या चार ठिकाणी माझ्याच हातच्या मोटारी डब्ब्यावर चालतात, त्यांना कायबी झालं न्हाई. तिथं डब्बा मोटारीपाशी हाय. हितं अंगणाच्या ह्या टोकाला."

शिवानीनं फाईल उघडली. काम बसवणाऱ्यानं काढलेला नकाशा होता. "पण केबल चाळीसच मीटर आहे. चाळीसला असं व्हायला नको."

"चाळीस कोण म्हणतंय?"

"नकाशात लिहिलंय."

"कागदावर अंगण मोकळं असतंय. केबल कुठनं गेली ते मला दाखव."

केबल अंगणातून सरळ गेलीच नव्हती. वीरभद्रप्पांनी स्वतः उभं राहून बसवून घेतलेली ती शहाबादी फरशी फोडू द्यायला राजशेखर तयार नव्हता, म्हणून पाइप तीन भिंतींच्या कडेनं, वळसे घेत, पाण्याच्या टाकीमागून शेडपर्यंत नेलेला होता. नकाशा काढणाऱ्यानं सरळ रेघ मारून अंतर लिहिलं होतं.

टेप गाडीत होती. शिवानी ती आणायला निघाली तोवर पार्वतम्मांनी पदर खोचला आणि दोन्ही हात पसरून पाइपवर मोजायला सुरुवात केली. त्यांची एक वाव म्हणजे नेमकी पाच फूट. आयुष्यभर तार मोजून ते माप त्यांच्या खांद्यांत बसलं होतं. हात पसरायचा, बोटानं खूण धरायची, पुढं सरकायचं. "हदिनाल्कु, हदिनैदु..."

"अक्का, बावीस झाल्या का तेवीस?" मागून चालणाऱ्या शेषेरावनं विचारलं.

"गप. माझे आकडे तुला कळत न्हाईत म्हणून तर ते चुकत न्हाईत."

टाकीमागच्या चिखलातून, पोत्यांच्या थप्पीमागून, शेवटच्या भिंतीपर्यंत. मोटारीच्या ओट्याशी त्या थांबल्या.

"अडुसष्ट."

शिवानीनं मनात हिशेब केला आणि डोक्याला हात लावला. "एकशे चार मीटर! मावशी, एकशे चार!" ती मागून टेप लावत आली होती. टेपनं एकशे पाच दाखवले. "आमच्या पुस्तकात पन्नासच्या पुढं गेलं की मध्ये चोक, म्हणजे विजेचा धक्का मवाळ करणारं वेटोळं, बसवा असं लिहिलंय. चाळीस बघून कुणी बसवलाच नाही."

राजशेखरला कळेना. तेव्हा शिवानीनं शेडमधली पोती बांधायची लांब दोरी घेतली, एक टोक खांबाला बांधलं आणि दुसरं हातात धरून झटका दिला. दोरीतून लाट गेली, खांबाला धडकली आणि उलटी फिरली.

"स्टार्टरची वीज शांत येते. ड्राइव्हची वीज अशी झटक्याझटक्यानं येते, सेकंदाला हजारो वेळा. दोरी आखूड असली तर काही नाही. लांब असली की झटका मोटारीच्या तोंडाशी धडकून परत फिरतो आणि पुढच्यावर चढतो. सगळा मार पहिल्या वेढ्यांना बसतो. आत पोचेपर्यंत त्याचा जोर ओसरलेला असतो."

"दारावरची काठी," पार्वतम्मा म्हणाल्या.

"अगदी तीच. आणि," शिवानी पुन्हा लॅपटॉपकडं वळली, "सतरा डिसेंबरला कुणीतरी झटक्यांचा वेग तिप्पट करून ठेवलाय. म्हणून नंतरच्या दोन्ही वेळा मोटार लवकर गेली. कुणी केलं?"

राजशेखरनं शेषेरावकडं पाहिलं. शेषेरावनं छताकडं.

"मोटार शिट्टी वाजवायची बाई," तो म्हणाला. "दिवसभर कानात किडा शिरल्यावानी. काम बसवणाऱ्याला फोन केला, त्यानं सांगितलं तसं बटण दाबलं. शिट्टी गेली."

"शिट्टी गेली, मोटार बी गेली," पार्वतम्मा म्हणाल्या. "आता शिट्टी ऐकायची. कापूस घाल कानात."

शिवानीनं सांगितलं ते सोपं होतं: ड्राइव्ह शेडमध्ये, मोटारीजवळ न्यायचा, धूळ न जाणाऱ्या पेटीत. पेटीची जाळी दर सोमवारी झाडायची, नाहीतर ड्राइव्ह तापून बंद पडेल. झटक्यांचा वेग आजच कमी करायचा.

इथं राजशेखर अडला.

"पाडव्याला पूजा करून बसवलाय तो, आप्पांच्या फोटोखाली. गादीवरनं उठवून धुळीत बसवायचा? अन् आमचा कारभार गादीवरनं चालतोय, आजचा न्हाई, आजोबांपासून. काटा गादीपुढं, फोन गादीवर, किल्ल्या गादीखाली. मालकानं गादी सोडायची नसती, अक्का."

त्याचा आवाज चढला नव्हता, तो खरोखर अडचणीत होता. पार्वतम्मांनी फोटोकडं पाहिलं. हाराच्या आड वीरभद्रप्पांची अर्धी मिशी दिसत होती.

"तुझे आप्पा गादीवर नवाला बसायचे," त्या म्हणाल्या. "त्याच्या आधी आठ वाजता कुठं असायचे?"

राजशेखरनंही फोटोकडं पाहिलं.

"शेडमधी. रोज प्रत्येक मोटारीच्या पाठीवर तळहात ठेवायचे. लेकराला ताप हाय का बघावं तसं. मोटार माझ्याकडं यायच्या आधी त्यांची चिठ्ठी यायची, 'डाव्या बाजूचं बेअरिंग बोलतंय' म्हणून. अन् ते खरंच बोलत असायचं. माल गादीवर बसून विकत होते ते, मशिनी गादीवर बसून चालवत नव्हते. त्यांची फरशी तू जपलीस. त्यांची फेरी सोडलीस."

शेडमधून दुसऱ्या रोलची घरघर येत होती. राजशेखरनं टोपी काढली, परत घातली.

"ड्राइव्हचा पुढचा छोटा पडदा निघतो," शिवानी हळूच म्हणाली. "तो इथंच गादीवर ठेवू, बारीक वायरीनं जोडून. आकडे इथं दिसतील. जड वीज तिकडंच राहील."

"तेवढं करा बाई," राजशेखर म्हणाला. मग पार्वतम्मांकडं वळून, "मग दोष तुमचा न्हाई म्हणायचं, अक्का."

"न्हाई, अजून म्हणायचं न्हाई." पार्वतम्मा तुकडे पिशवीत भरत होत्या. "बोलणं सोपं हाय. मोटारीला विचारू. गेल्या येळी सोळा दिवस चालली. शिवरात्रीला मिल बंद असती तुझी. त्या दिवशी मी येऊन उघडते. पहिल्या वेढ्यावर डाग दिसला तर माझं बोलणं तेच हाय, हँडल खाली. तोवर मी दुसरी मोटार भरणार न्हाई."

निघताना शिवानीनं तीनपैकी एक तुकडा मागितला, नांदेडला केंद्रातल्या मुलांना दाखवायला.

"शिवरात्रीनंतर," पार्वतम्मा म्हणाल्या. "अजून त्याची साक्ष पुरी झाली न्हाई."

ड्राइव्ह त्याच दिवशी, चार वाजेपर्यंत, शेडमध्ये गेला. हलवण्याआधी राजशेखरनं त्याला विभूती लावली. शिवानी म्हणाली, बाहेरून लावा, जाळीवर नको, आणि त्यानं ते ऐकलं.

मग तीस दिवस. पार्वतम्मांनी गिऱ्हाइकांना परत पाठवलं. मोंढ्यात चर्चा झालीच की अक्कांनी काम बंद केलं, म्हणजे काहीतरी असणार. लातूरहून मुलीचा, मंजुश्रीचा फोन आला: "अव्वा, बरंच झालं की! किती दिवस तार ओढशील? ये हिकडं." पार्वतम्मा म्हणाल्या, शिवरात्रीनंतर सांगते. त्या रोज दहाला दुकान उघडत, भिंतीवरच्या तुकड्यांची धूळ झटकत, फिकट झालेल्या चिंध्यांवरची अक्षरं गिरवत. सतराव्या दिवशी मात्र त्यांनी शेषेरावला फोन केलाच.

"चालू हाय का?"

"चालू हाय अक्का. लई शिट्टी वाजवून राहिलीय."

"वाजू दे."

सव्वीस फेब्रुवारीला, बुधवारी, शिवरात्र. मिलचं फाटक बंद, अंगणात पोत्यांखेरीज कुणी नाही. पूजा आटोपून, उपाशीपोटी, दुपारी एक वाजता पार्वतम्मा शेडमध्ये ओट्यावर बसल्या. शेषेरावनं मोटारीचं झाकण उघडून दिलं. राजशेखर कपाळावर विभूतीचे तीन पट्टे ओढून मागं उभा होता. त्याच्या उजव्या तळहाताला ग्रीस लागलेलं पार्वतम्मांनी येतानाच पाहिलं होतं.

त्यांनी भिंग डोळ्याला लावलं. लाल फेज, पहिलं वेटोळं. बॅटरी जवळ नेली. निळी. डोळ्यात पाणी आलं म्हणून पुसून पुन्हा पाहिली. पिवळी. मग तिन्हींवरून नख फिरवलं, खडबडीत लागतं का बघायला. वार्निश काचेसारखं गुळगुळीत होतं, शनिवार-रविवारी त्यांनी पाजलं होतं तसंच.

"शेषेराव," त्या म्हणाल्या, "जाळी झाडली न्हाईस तू ह्या सोमवारी."

"झाडली की, अक्का!"

"कोपरे कुणी झाडायचे?" त्या गुडघ्यावर हात देऊन उठल्या. "बंद कर झाकण. बोल्ट एकसारखे आवळ."

राजशेखर घसा खाकरून म्हणाला, "अक्का, ब्लोअरची मोटार डाव्या बाजूनं बोलून राहिलीय दोन दिवस. सकाळी हात लावला तर गरम लागली. बघता का?"

पार्वतम्मांनी त्याच्या ग्रीसच्या तळहाताकडं पाहिलं.

"उद्या पाठव. आज उपास हाय."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी जानेवारीचा शेवटचा तुकडा खिळ्यावरून काढला. चिंधीवर एक ओळ वाढवली: 'केबल अडुसष्ट वाव. दोष अंतराचा. डब्बा हलवल्यावर तीस दिवस, पहिला वेढा स्वच्छ.' जुन्या कापडात गुंडाळून, वर शिवानीचं नाव घालून पुडकं शेषेरावच्या हातात दिलं. तो ब्लोअरची मोटार उतरवायला आला होता आणि पुढं नांदेडच्या एसटीनं जाणार होता.

"चिंधी सोडू नको म्हणावं पोरांना," त्या म्हणाल्या. "तिच्याशिवाय ते नुसतं तांबं हाय."

मग मंजुश्रीला फोन लावून, येत नाही, एवढंच सांगितलं. सतरंजीवर बसून अंगठ्याला तेल चोळलं, तारेचं टोक साच्यात अडकवलं आणि हँडल धरलं. रस्त्यापलीकडून कुणीतरी हाक मारली, "अक्का, काम चालू झालं का?"

त्यांनी मान वर केली नाही. त्या एरडुवर होत्या.